एसएसआयएस पॅकेजचं डॉक्युमेंटेशन आपोआप काढताना व्हेरिएबल्सचं काय करायचं?

डेटा टीममध्ये नव्याने आलेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक एचटीएमएल फाइल दिली जाते. त्यात पॅकेजेसची, म्हणजे डेटा इकडून तिकडे नेणाऱ्या कामांच्या फाइल्सची, यादी असते, प्रत्येकातले टास्क असतात, डेटा कुठून उचलला जातो आणि कुठे टाकला जातो तेही असतं. सगळं एखाद्या टूलने किंवा स्क्रिप्टने आपोआप काढलेलं. वाचता वाचता मग एक ओळ खटकते. सोर्स क्वेरी म्हणून लिहिलेलं असतं: ‘सिलेक्ट * फ्रॉम विक्री_२०१९०४’. रोज रात्री चालणारं पॅकेज २०१९ च्या एप्रिलचं टेबल वाचतंय की काय?

तसं काही नसतं. टेबलाचं नाव एका व्हेरिएबलमधून येतं. कुणीतरी शेवटचं पॅकेज सेव्ह केलं तेव्हा त्यात जे मूल्य होतं, तेच स्क्रिप्टने उचलून छापलं. स्क्रिप्टचं काम झालं, वाचणाऱ्याची मात्र फसगत झाली.

हा लेख अशी स्क्रिप्ट पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर इंटिग्रेशन सर्व्हिसेसचं, म्हणजे एसएसआयएस या डेटा हलवणाऱ्या साधनाचं घेतलंय, कारण २००५ पासूनची पॅकेजेस आजही कित्येक ठिकाणी चालू आहेत आणि व्हेरिएबल्सच्या जितक्या भानगडी असू शकतात तितक्या सगळ्या यात सापडतात. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे धोरण एकच आहे: व्हेरिएबलचं मूल्य छापण्याआधी ते मूल्य कुठून येतं, कोण बदलतं आणि कुठे वापरलं जातं ते छापायचं. डीबीटी किंवा एअरफ्लोसारखं दुसरं साधन वापरत असाल तर नावं बदलतील, काम हेच राहील.

१. आधी चार जाती ओळखा

‘व्हेरिएबल’ या एका नावाखाली लोक चार वेगळ्या गोष्टी सांगतात. त्या डॉक्युमेंटमध्ये एकाच तक्त्यात कोंबल्या की पुढचं सगळं गढूळ होतं.

पहिली जात म्हणजे पॅकेजमधली आपली व्हेरिएबल्स. त्यांची नेमस्पेस, म्हणजे नावाआधी लागणारा गट, ‘यूजर’ असते. ती पॅकेज चालू असताना बदलू शकतात. दुसरी, पॅरामीटर्स. ती २०१२ च्या आवृत्तीत प्रोजेक्ट डिप्लॉयमेंट मॉडेलबरोबर आली. काही पॅकेजपुरती असतात, काही अख्ख्या प्रोजेक्टची. मूल्य बाहेरून मिळतं आणि पॅकेज एकदा सुरू झालं की बदलत नाही. तिसरी, सर्व्हरवरच्या एसएसआयएस कॅटलॉगमधल्या एन्व्हायर्न्मेंटची (चाचणी, प्रॉडक्शन अशा ठिकाणांसाठी ठेवलेल्या मूल्यांच्या गटाची) व्हेरिएबल्स. नाव व्हेरिएबल असलं तरी पॅकेजच्या फाइलमध्ये ती नसतातच. ती पॅरामीटरला जोडली जातात. चौथी, ‘सिस्टिम’ नेमस्पेसमधली, जसं पॅकेजचं नाव, सुरू झाल्याची वेळ, मशीनचं नाव. यांची यादी प्रत्येक पॅकेजखाली छापू नका, पानं फुगतात. कुठे वापरली आहेत तेवढं दाखवा.

२. पॅकेजची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा

पॅकेज ज्या डीटीएसएक्स फाइलमध्ये असतं ती म्हणजे साधी एक्सएमएल. स्क्रिप्टला हात लावण्याआधी एक छोटं पॅकेज निवडा, व्हिज्युअल स्टुडिओमध्ये व्हेरिएबल्सची खिडकी एका बाजूला आणि तीच फाइल एडिटरमध्ये दुसऱ्या बाजूला उघडा. एकेक व्हेरिएबल दोन्हीकडे शोधा. अर्धा तास जातो, पण पुढचे दोन दिवस वाचतात.

दोन गोष्टी लगेच लक्षात येतील. एक, एक्सएमएलमधल्या जवळपास प्रत्येक टॅगला आणि अ‍ॅट्रिब्यूटला ‘डीटीएस’ ही नेमस्पेस चिकटलेली आहे. पायथनच्या एलिमेंटट्री या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीने ती नेमस्पेस न देता शोधलंत तर शून्य व्हेरिएबल्स मिळतात, एररही येत नाही, आणि पॅकेजमध्ये व्हेरिएबल्सच नाहीत असं डॉक्युमेंट तयार होतं. दुसरी, फाइलच्या सुरुवातीला पॅकेज फॉरमॅट व्हर्जन लिहिलेलं असतं. तो आकडा २ किंवा ३ असेल तर पॅकेज २००५ किंवा २००८ च्या काळातलं आहे. तिथे व्हेरिएबलचं नाव, नेमस्पेस वगैरे गोष्टी आतल्या वेगळ्या ‘प्रॉपर्टी’ टॅगमध्ये असतात. ६ किंवा ८ असेल तर त्याच गोष्टी अ‍ॅट्रिब्यूट म्हणून बसलेल्या असतात. जुनी-नवी पॅकेजेस एकत्र असतील तर वाचण्यासाठी दोन फंक्शन्स लिहा. एकाच फंक्शनमध्ये दोन्ही सांभाळायला गेलात की गुंता वाढतो.

सर्व्हरवर चढवायची आयएसपॅक फाइल हाती असेल तर तिचं एक्स्टेन्शन बदलून झिपसारखी उघडा. आत पॅकेजेस, प्रोजेक्टची पॅरामीटर्स आणि कनेक्शन मॅनेजर्स वेगवेगळ्या फाइल्समध्ये मिळतात. पॅकेजची प्रोटेक्शन लेव्हल ‘सगळं एन्क्रिप्ट करा’ या प्रकारची असेल, तर मात्र स्क्रिप्टला आतलं काहीच वाचता येणार नाही. अशा पॅकेजसमोर ‘वाचता आलं नाही’ असं ठळक लिहा. गुपचूप वगळू नका.

३. प्रत्येक व्हेरिएबलची मूळ माहिती गोळा करा

नाव, नेमस्पेस, प्रकार, वर्णन, एक्स्प्रेशन (मूल्य काढायचं सूत्र), ते एक्स्प्रेशन चालू आहे की नाही याची खूण, आणि स्कोप (व्हेरिएबल पॅकेजच्या किती भागापुरतं आहे ते). प्रकार आकड्यात असतो: ८ म्हणजे स्ट्रिंग, ३ म्हणजे ३२ बिटचा पूर्णांक, ११ म्हणजे बूलियन, ७ म्हणजे तारीख, १३ म्हणजे ऑब्जेक्ट. आकडा तसाच छापला तर वाचणाऱ्याला ताकास तूर लागणार नाही, म्हणून शब्दात लिहा.

स्कोपकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. व्हेरिएबल अख्ख्या पॅकेजचं असू शकतं, एखाद्या लूप कंटेनरपुरतं असू शकतं, एखाद्या टास्कपुरतं किंवा इव्हेंट हँडलरपुरतंही असू शकतं. एकाच नावाची दोन व्हेरिएबल्स दोन स्कोपमध्ये असतील तर आतलं बाहेरच्याला झाकतं. म्हणून तुमच्या स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची ओळख नुसत्या नावावर ठेवू नका, स्कोपचा पूर्ण मार्ग अधिक नाव अशी ठेवा. नाहीतर डिक्शनरीत दुसरं पहिल्यावर बसेल आणि एक व्हेरिएबल गायब होईल. नावात लहान-मोठ्या लिपीचा फरक एसएसआयएस मानतं, त्यामुळे सगळं लहान लिपीत करून जुळवायचा मोहही टाळा.

४. साठवलेलं मूल्य म्हणजे शिळं मूल्य

खरी मेख इथे आहे. एक्स्प्रेशन असलेल्या व्हेरिएबलचं मूल्यसुद्धा फाइलमध्ये साठवलेलं असतं. डिझायनरमध्ये त्या एक्स्प्रेशनचं जे उत्तर आलं ते सेव्ह करताना तसंच फाइलमध्ये उतरतं. आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण घ्या, आर्थिक वर्ष:

मंथ(गेटडेट()) >= ४ ? इयर(गेटडेट()) : इयर(गेटडेट()) - १

हे पॅकेज कुणी २०२३ च्या फेब्रुवारीत सेव्ह केलं असेल तर फाइलमध्ये २०२२ बसलेलं असतं. १ एप्रिल २०२३ नंतर प्रत्यक्ष चालताना उत्तर २०२३ येतं, पण डॉक्युमेंट मात्र कुणी पुन्हा पॅकेज सेव्ह करेपर्यंत २०२२ च सांगत बसतं. ऑडिटसाठी कुणी ते डॉक्युमेंट पुढे केलं तर काय होईल याची कल्पना करा.

म्हणून नियम असा ठेवा. एक्स्प्रेशन आहे आणि त्याची खूण ‘ट्रू’ आहे, तर फक्त एक्स्प्रेशन छापा, साठवलेलं मूल्य नको. एक्स्प्रेशन आहे पण खूण ‘ट्रू’ नाही, तर ते नुसतं पडून आहे. तिथे मूल्य छापा आणि ‘एक्स्प्रेशन बंद’ अशी नोंद करा. एक्स्प्रेशन नाहीच, तर मूल्य छापा, पण रकान्याचं नाव ‘मूल्य’ न ठेवता ‘डिझाइनच्या वेळचं मूल्य’ ठेवा. रकान्याच्या नावातला हा एवढा बदल मला सगळ्यात फायद्याचा वाटतो. ऑब्जेक्ट प्रकाराचं मूल्य कधीच छापू नका. त्यात पॅकेज चालतानाच एखादा रिझल्ट सेट भरला जातो, फाइलमध्ये त्याचा पत्ता नसतो.

५. कोण लिहितं, कोण वाचतं

डिझाइनच्या वेळचं मूल्य ‘०’ दिसलं म्हणून व्हेरिएबल स्थिर आहे असं होत नाही. पॅकेज चालताना त्यात दुसराच कुणी काहीतरी लिहीत असेल. हे कळण्यासाठी अख्खं पॅकेज विंचरावं लागतं. वेळ खाणारं काम हेच, आणि डॉक्युमेंटचा खरा उपयोगही इथूनच सुरू होतो.

लिहिणारे बघा. फॉरईच लूपच्या व्हेरिएबल मॅपिंगमध्ये प्रत्येक फेरीला फाइलचं नाव व्हेरिएबलमध्ये पडतं. एक्झिक्यूट एसक्यूएल टास्कच्या रिझल्ट सेटमधून मूल्य येतं, आउटपुट पॅरामीटरमधूनही येऊ शकतं. डेटा फ्लोमधलं रो काउंट ओळींची संख्या व्हेरिएबलमध्ये टाकतं. २०१२ पासून एक्स्प्रेशन टास्क आहे, त्याचं कामच व्हेरिएबलला मूल्य देणं. आणि स्क्रिप्ट टास्क, ज्याच्या ‘रीड-राइट व्हेरिएबल्स’ यादीत नावं असतात.

वाचणारे जास्त विखुरलेले असतात. टास्कच्या आणि कनेक्शन मॅनेजरच्या प्रॉपर्टी एक्स्प्रेशन्स, दुसऱ्या व्हेरिएबल्सची एक्स्प्रेशन्स, टास्क जोडणाऱ्या बाणांवरच्या, म्हणजे प्रिसिडन्स कन्स्ट्रेंटवरच्या अटी, डेटा फ्लोमधले डिराइव्हड कॉलम, कंडिशनल स्प्लिट, एक्झिक्यूट एसक्यूएल टास्कचं पॅरामीटर मॅपिंग, चाइल्ड पॅकेजला (या पॅकेजने बोलावलेल्या दुसऱ्या पॅकेजला) दिलेली पॅरामीटर बाइंडिंग्ज. बाणावरची अट सगळ्यात जास्त वेळा सुटते. ‘एवढं मोठं पॅकेज आज चाललंच नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं.

शोधताना नाव तीन रूपांत येतं. एक्स्प्रेशनमध्ये चौकटी कंसात नेमस्पेससकट, म्हणजे @[यूजर::महिना]. नाव सरळसाधं असेल तर कंस आणि नेमस्पेसशिवाय नुसतं @महिना. आणि प्रॉपर्टीचं मूल्य म्हणून, @ चिन्हाशिवाय, यूजर::महिना. तिन्हींसाठी वेगळा पॅटर्न ठेवा. ‘@महिना’ शोधताना ‘@महिनाअखेर’ पकडलं जाणार नाही याची काळजी घ्या, म्हणजे नावाच्या शेवटी शब्दाची सीमा तपासा.

स्क्रिप्ट टास्कबद्दल थोडं जास्त. त्याचा सी शार्प कोड डीटीएसएक्समध्येच टेक्स्ट म्हणून असतो. व्हेरिएबल्सची यादी अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असते, ती आधी घ्या. पण कोडमध्ये व्हेरिएबल डिस्पेन्सर वापरून थेट कुलूप लावून लिहिण्याची सोय आहे, आणि तसं केलं तर यादीत नाव नसतं. म्हणून कोडचा टेक्स्टही धुंडाळा. तिथे मिळालेली नोंद ‘कोडमध्ये उल्लेख’ अशी वेगळी दाखवा. लिहितंय की वाचतंय याचा छातीठोक दावा नुसत्या टेक्स्ट शोधावरून करू नये.

एक्स्प्रेशन चालू असलेल्या व्हेरिएबलला कुणी लिहिणाराही सापडला तर त्या ओळीला लाल रंग द्या. तिथे बहुतेक वेळा पॅकेजमध्येच चूक असते.

६. साखळी उलगडा, पण गणित करू नका

व्हेरिएबलच्या एक्स्प्रेशनमध्ये दुसरं व्हेरिएबल, त्यात तिसरं, शेवटी कुठेतरी पॅरामीटर. तुम्ही पायरी पाचमध्ये वाचणारे शोधलेच आहेत, त्यावरून ही साखळी जोडता येते. डॉक्युमेंटमध्ये मूळ एक्स्प्रेशन आणि उलगडलेलं एक्स्प्रेशन दोन्ही दाखवा. उलगडलेलं म्हणजे मधल्या व्हेरिएबल्सच्या जागी त्यांची एक्स्प्रेशन्स बसवून आलेलं. बसवताना भोवती कंस घाला, नाहीतर प्रश्नचिन्हवाल्या अटींचा अर्थ बदलतो.

इथे थांबा. एसएसआयएसची एक्स्प्रेशन भाषा स्वतः चालवून अंतिम उत्तर काढायचा उद्योग करू नका. टाइप कास्ट, नल, तारखांची फंक्शन्स यात महिना जाईल आणि शेवटी हाती तेच येईल, एका क्षणापुरतं खरं असलेलं मूल्य.

एवढं झाल्यावर एका व्हेरिएबलची नोंद साधारण अशी दिसते:

नाव: यूजर::फाइलमार्ग
स्कोप: पॅकेज › ‘शाखानिहाय लूप’
प्रकार: स्ट्रिंग
एक्स्प्रेशन: @[$प्रोजेक्ट::फोल्डर] + @[यूजर::फाइलनाव]
उलगडून: @[$प्रोजेक्ट::फोल्डर] + ("विक्री_" + @[यूजर::शाखा] + ".सीएसव्ही")
बाहेरून येणारं: प्रोजेक्ट पॅरामीटर ‘फोल्डर’
चालताना बदलणारं: ‘शाखा’, लूपच्या प्रत्येक फेरीला
वाचणारे: ‘शाखा फाइल’ कनेक्शन मॅनेजर, कनेक्शन स्ट्रिंग
वर्णन: शाखेकडून आलेल्या रोजच्या विक्री फाइलचा पूर्ण पत्ता

रात्री दोन वाजता जॉब पडला आणि ‘फाइल सापडली नाही’ असा मेसेज आला, तर या नऊ ओळींवरून सपोर्टवाल्याला दोनच ठिकाणी बघायचं हे कळतं: फोल्डरचं पॅरामीटर आणि त्या फेरीची शाखा.

७. टेबलाचं नावच व्हेरिएबलमध्ये असेल तर

सुरुवातीला पाहिलेला घोटाळा इथला. ओएलई डीबी सोर्समध्ये अ‍ॅक्सेस मोड असतो. ० म्हणजे सरळ टेबल, १ म्हणजे टेबलाचं नाव व्हेरिएबलमधून, २ म्हणजे सरळ क्वेरी, ३ म्हणजे क्वेरी व्हेरिएबलमधून. हा मोड आधी वाचा, मगच पुढच्या प्रॉपर्टीकडे जा. मोड ३ असताना जुनी क्वेरी तिच्या प्रॉपर्टीत तशीच पडलेली असू शकते, आणि मोड न बघणारी स्क्रिप्ट ती बिनधास्त छापते.

मोड १ किंवा ३ असेल तर सोर्सच्या जागी टेबलाचं नाव न लिहिता व्हेरिएबलचं नाव आणि त्याच्या नोंदीची लिंक द्या. लिनिएजच्या, म्हणजे डेटा कुठून कुठे जातो त्याच्या, चित्रात टेबल दाखवायलाच हवं असेल, तर साठवलेल्या मूल्यावरून काढा, पण बाणाची रेघ तुटक काढा आणि ‘नमुना मूल्यावरून’ असं लिहा. महिन्यानिहाय टेबलं असतील तर ‘विक्री_ आणि पुढे वर्ष-महिना’ असा साचा एक्स्प्रेशनवरूनच दाखवता येतो. चित्रात पक्की रेघ फक्त ० आणि २ ला.

८. एन्व्हायर्न्मेंटची मूल्यं वेगळ्या पानावर

पॅरामीटरला तीन पातळ्यांवर मूल्य मिळतं: पॅकेजमधलं डिझाइनचं, सर्व्हरवर ठरवलेलं, आणि एखाद्या विशिष्ट वेळी चालवताना दिलेलं. शेवटचं सर्वांत वरचढ. फाइल वाचून फक्त पहिलं कळतं. बाकीचं एसएसआयएस डीबी या डेटाबेसमधल्या कॅटलॉग व्ह्यूजमधून घ्यावं लागतं. ऑब्जेक्ट पॅरामीटर्सच्या व्ह्यूमध्ये डिझाइनचं मूल्य, सर्व्हरचं मूल्य आणि ते एन्व्हायर्न्मेंटमधून येत असेल तर तिथल्या व्हेरिएबलचं नाव, तिन्ही मिळतात. ‘व्हॅल्यू टाइप’ व्ही असेल तर मूल्य सरळ लिहिलेलं आहे, आर असेल तर एन्व्हायर्न्मेंटकडे बोट दाखवलंय. एखाद्या ठरावीक रात्री नेमकं काय मूल्य होतं ते एक्झिक्यूशन पॅरामीटर व्हॅल्यूजच्या व्ह्यूमध्ये असतं.

फाइलवरून काढलेलं डॉक्युमेंट आणि सर्व्हरवरून काढलेली मूल्यं एका तक्त्यात मिसळू नका. सर्व्हरच्या पानावर सर्व्हरचं नाव, एन्व्हायर्न्मेंट आणि वाचल्याची तारीख ठळक असायला हवी. यूएटीचा, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरचा, फोल्डर प्रॉडक्शनचा समजून कुणी फाइल टाकली तर निस्तरत बसावं लागेल.

बाहेरून मूल्य बदलण्याची आणखी एक चोरवाट आहे. डीटीएक्झेक ही पॅकेज चालवणारी कमांड देताना ‘सेट’ पर्यायाने, किंवा एसक्यूएल सर्व्हर एजंटच्या ठरावीक वेळी चालणाऱ्या जॉबच्या स्टेपमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर प्रॉपर्टी ओव्हरराइड देऊन, थेट व्हेरिएबलचं मूल्य बदलता येतं. जॉब स्टेप्सचे कमांड एमएसडीबी या सर्व्हरच्या डेटाबेसमधून वाचून त्यात व्हेरिएबल्सचा उल्लेख शोधा. सापडलं की त्या व्हेरिएबलच्या नोंदीत जॉबचं नाव घाला.

९. पासवर्ड

पॅरामीटरला ‘सेन्सिटिव्ह’ अशी खूण करता येते. व्हेरिएबलला तशी सोयच नाही. म्हणजे कुणी कनेक्शन स्ट्रिंग स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये ठेवली असेल तर पासवर्ड फाइलमध्ये उघडा पडलेला असतो, आणि तुमची स्क्रिप्ट तो एचटीएमएलमध्ये छापून अख्ख्या टीमला वाटते. नावात किंवा मूल्यात पासवर्ड, पीडब्ल्यूडी, सीक्रेट, टोकन असं काही दिसलं की मूल्याच्या जागी ‘झाकलेलं’ लिहा. उलगडलेल्या एक्स्प्रेशनवरही हीच चाळणी लावा, तिथून ते हमखास निसटतं. सापडलेल्या जागांची यादी डॉक्युमेंटमध्ये न देता पॅकेजच्या मालकाला वेगळी कळवा.

१०. डॉक्युमेंट गिटमध्ये ठेवणार असाल तर

व्हेरिएबल्स स्कोप आणि नावाच्या क्रमाने लावा, फाइलमधल्या क्रमाने नको. जीयूआयडी, म्हणजे आपोआप मिळणारे लांबलचक ओळख-क्रमांक, छापू नका. ‘अमुक वाजता तयार केलं’ ही ओळ प्रत्येक पानावर न टाकता एकाच पानावर ठेवा. पायरी चारप्रमाणे एक्स्प्रेशनवाल्यांची मूल्यं आधीच वगळली असतील तर नुसतं पॅकेज उघडून सेव्ह केल्याने डॉक्युमेंटमध्ये बदल दिसणार नाही. जे बदल दिसतील ते बघण्यासारखे असतील.

११. वर्णन आणि बिनवापराची यादी

‘का’ हे कुठल्याही स्क्रिप्टला कळत नाही. त्यासाठी व्हेरिएबलच्या डिस्क्रिप्शन प्रॉपर्टीत कुणीतरी लिहायलाच हवं. ती व्हेरिएबल्सच्या खिडकीत सुरुवातीला दिसत नसेल तर ग्रिड ऑप्शन्समधून रकाना चालू करा. सगळ्या जुन्या पॅकेजेसची वर्णनं एका दमात लिहून घ्यायचा फतवा काढू नका. लोक ‘फाइल नेम’ या व्हेरिएबलसमोर ‘फाइलचं नाव’ असं लिहून मोकळे होतात. बाहेरून मूल्य घेणारी आणि दोनपेक्षा जास्त ठिकाणी वाचली जाणारी तेवढी आधी धरा. बाकीच्यांचं वर्णन पुढे त्या पॅकेजला हात लागेल तेव्हा.

पायरी पाचमधून फुकटात मिळणारी आणखी एक यादी म्हणजे कुणीच न वापरलेली व्हेरिएबल्स. ती बघून लगेच साफसफाईला लागू नका. चाइल्ड पॅकेज आपल्या पेरेंटची व्हेरिएबल्स वाचू शकतं, जुन्या मॉडेलमध्ये त्यासाठी पेरेंट पॅकेज व्हेरिएबल नावाची कॉन्फिगरेशनच आहे. एका फाइलपुरतं बघितलं तर असं व्हेरिएबल बेवारस दिसतं. आधी एक्झिक्यूट पॅकेज टास्कवरून कोण कुणाला बोलावतं ते जोडा, सगळ्या चाइल्ड पॅकेजेसच्या कॉन्फिगरेशन आणि स्क्रिप्ट कोडमध्ये ते नाव शोधा, जॉब स्टेप्स तपासा. तरीही कुठे सापडलं नाही तर डॉक्युमेंटमध्ये ‘वापर सापडला नाही’ असं लिहा आणि काढायचं की ठेवायचं हे पॅकेजच्या मालकावर सोडा.